घरातील कासव : काही गैरसमज आणि आवश्यक माहिती

देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. जिवंत कासव घरात ठेवल्यास मात्र भरभराट होते, अशी समजूत पसरल्याने अनेक घरांत हा मुका प्राणी टबात वा खोक्यात दिवस कंठीत असतो. काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले तारा कासव त्यांत पुष्कळदा आढळून येते.

तारा कासवाविषयीचा सर्वांत घातक गैरसमज पाण्याचा होय. कासव म्हणजे पाण्यातील प्राणी, असे मानून ते बादलीत ठेवले जाते, किंवा दयाबुद्धीने विहिरीत सोडले जाते. वास्तविक हे कासव जमिनीवरचे. राजस्थान-गुजरातकडील आणि दक्षिणेतील रुक्ष, काटेरी झुडपांचा व गवताचा प्रदेश हे त्याचे घर. त्याला पोहता येत नाही. खोल पाण्यात ते बुडून मरते. बोटांमध्ये पडदे असलेली गोड्या पाण्यातील कासवे निराळी.

दुसरा प्रश्न उन्हाचा. कासवाच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता निर्माण होत नाही. ती त्याला भोवतालातून घ्यावी लागते. थंड फरशीवर त्याची पचनक्रिया मंदावते, भूक मरते. शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अंगावर पडल्याखेरीज त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, आणि खाल्लेला चुना हाडांना लागत नाही. खिडकीच्या काचेतून ऊन आत आले तरी हे उपयुक्त किरण बहुतांशी काचेतच अडतात. कवच हे काही अंगावरचे चिलखत नव्हे. पाठीचा कणा व बरगड्या त्यातच जुळलेल्या असतात. म्हणून मऊ पडलेले कवच हे सबंध सांगाडाच खचत असल्याचे लक्षण समजावे.

जप्त झालेली कासवे वन विभागाच्या देखरेखीखाली काही काळ बंदिस्त जागेत ठेवावी लागतात, तेव्हा याच गोष्टी सांभाळाव्या लागतात. दिवसा २८ ते ३२ अंश सेल्सिअस उष्णता, एका कोपऱ्यात त्याहून थोडी अधिक, आणि दुसरीकडे सावलीचा आडोसा असावा, म्हणजे प्राणी आपल्या सोयीने जागा निवडतो. ऊन नसेल तेथे अतिनील किरणांचा खास दिवा लावतात. तळाशी माती असावी. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. पाणी उथळ ताटलीत द्यावे. हरळी, इतर गवत, जास्वंदीची पाने व फुले, फड्या निवडुंग हा आहार उत्तम; चुन्यासाठी समुद्रफेस ठेवता येतो. दूध, पोळी, भात हे पदार्थ आपल्याकडे मोठ्या मायेने भरवले जातात, पण ते त्याच्या पोटासाठी नव्हेतच.

नाकातून पाणी येणे, तोंड उघडून श्वास घेणे, डोळे सुजून मिटणे ही चिन्हे दिसताच पशुवैद्यकास दाखवावे. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीत साठलेला कफ खोकून टाकणे त्याला साधत नाही आणि साधी सर्दीही फुप्फुसांपर्यंत जाते.

मात्र ही सारी काळजी घेतली, तरी तारा कासव घरी बाळगण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये २०२२ साली झालेल्या सुधारणेने या कासवाचा समावेश अनुसूची १ मध्ये झाला आहे. अशा प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान ३ व कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक निर्बंध आले. पाळीव प्राण्यांसाठी होणारी चोरटी विक्री हेच त्याचे मुख्य कारण होते.

गावात वा शाळेत असे कासव आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ते जवळच्या रानात सोडून मोकळे होऊ नये. बंदिवासातील रोग रानातल्या प्राण्यांत पसरण्याचा धोका असतो, आणि हे कासव मूळ कोणत्या प्रदेशातले, हे पाहूनच त्याची जागा ठरवावी लागते. वनकर्मचारी येईपर्यंत भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडे कापड अंथरून ते सावलीत, शांत जागी ठेवावे. खोक्यात पाणी मुळीच भरू नये.