बोटीवरचा मुक्काम आणि सागरतळाची सफर

समुद्र आमच्या गोमंतकीय वाचकांना परका नाही. हरमल, मांद्रे, मोरजी येथील रापणकारांचे तर ते अंगणच होय. डिचोलीकडील घरांत होडी नसली, तरी कोणी मांडवीतील खनिजाच्या बार्जवर, तर कोणी परदेशी कंपनीच्या बोटीवर पोटासाठी गेलेला आढळतो. तेरेखोलच्या पात्रात बुडी मारून रेती काढणारे आणि खडकांवरची शिणाणी सोडविणारे हातही आपण पाहिले आहेत. तथापि पोटासाठी नव्हे, तर केवळ पाहण्यासाठी पाण्याखाली जाणे, आणि त्यासाठी सात-आठ दिवस बोटीवरच खाणेपिणे व निजणे, हा प्रकार आपल्या खेड्यांत नवा आहे. बोटीवर नोकरी करून चार पैसे गाठीस बांधलेल्या तरुणांत हल्ली ह्या सफरीची भाषा ऐकू येते. आईबापांच्या मनात त्यामुळे जी धास्ती उत्पन्न होते ती अगदीच अनाठायी नाही. पण ती बहुधा भलत्याच ठिकाणी असते. आई शार्कला भिते. शार्कपेक्षा भिण्याजोग्या दोन-तीन गोष्टी निराळ्याच आहेत, आणि त्यांचा बंदोबस्त घरी बसून, तिकीट काढण्यापूर्वीच करता येतो.

ज्या साधनामुळे हे सर्व शक्य झाले ते फार जुने नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता ह्या दोघांनी श्वासाची अशी चावी तयार केली की, पाठीवरच्या सिलिंडरमधील दाबाची हवा पाणबुड्याला हवी तेव्हा, हवी तितकी आणि त्या खोलीच्या दाबाला जुळेल अशी मिळावी. सिलिंडरमध्ये प्राणवायू भरलेला असतो असे पुष्कळांना वाटते, ते खरे नव्हे. त्यात आपण घेतो तीच साधी हवा असते. पुढे कूस्तोने एक जुनी सुरुंगकाढू बोट घेऊन तिचे नाव ‘कॅलिप्सो’ ठेवले व तिच्यावरच राहून तो समुद्रोसमुद्री हिंडला. आजच्या मुक्कामी बोटींची ती आजीच म्हणावयाची.

बुडी शिकण्यासाठी दूर जावयास नको. वास्कोसमोरील ग्रांदी बेटापाशी, मुरुडेश्वराजवळील नेत्राणी बेटापाशी व मालवण-तारकर्ली येथे दिवसाच्या दिवसात जाऊन येता येते, आणि तारकर्लीस महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने उभारलेली शिक्षणसंस्थाही आहे. पण किनाऱ्यापासून फार दूर असलेली प्रवाळे पाहावयाची, तर रोजचे जाणे-येणे परवडत नाही. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभरावर किलोमीटर अंतरावर कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी आंग्रिया बँक आहे. ते बेट नव्हे. पाण्याच्या पृष्ठाखाली सुमारे वीस मीटरांवर दडलेले विस्तीर्ण प्रवाळ पठार आहे. आपल्या किनाऱ्याचे एवढे वैभव, आणि ते पाहावयाचे तर रात्र समुद्रावर काढल्यावाचून गत्यंतर नाही. अंदमानात श्रीविजयपुरमपासून (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) सव्वाशेहून अधिक किलोमीटर दूर बॅरन बेटाचा जागता ज्वालामुखी आहे. तेथेही तीच गोष्ट.

ह्या सफरींचे मोठे माहेरघर मात्र मालदीव. सुमारे १,२०० लहान बेटे कंकणांसारख्या मांडणीत उत्तर-दक्षिण पसरलेली; जगातील सर्व भाषांनी अशा कंकणाकृती बेटांसाठी जो ‘अॅटॉल’ शब्द उचलला, तो ह्याच लोकांच्या दिवेही भाषेतला. मोठ्या बोटीबरोबर सिलिंडर व कॉम्प्रेसर वाहणारी एक लहान बोट असते, तिला तेथे ‘धोनी’ म्हणतात; आपल्या डोणीची ती बहीण शोभावी. १५५८ ते १५७३ पर्यंत तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता, म्हणजे एका काळी त्या बेटांचे आणि गोव्याचे धनी एकच होते. असो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ज्याला पाण्याखाली जावयाचे आहे तो बहुधा पाण्याखालच्या चित्रांवरून बोट निवडतो. आमच्या मते निवडीचा प्रारंभ रात्री बोटीवर सगळे निजलेले असतात तेव्हा काय होते, ह्या प्रश्नापासून झाला पाहिजे. २ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटेपूर्वी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची अशीच पाणबुड्यांची बोट नांगरून उभी असता तिला आग लागली. खालच्या खोलीत निजलेली चौतीस माणसे, तेहतीस प्रवासी आणि एक खलाशी, मेली. वर निजलेले कप्तानासह पाच जण वाचले. खालून बाहेर पडण्यास दोन वाटा होत्या, परंतु दोन्ही वरच्या एकाच दालनात निघत होत्या, आणि तेच दालन पेटलेले होते. आगीचे मूळ निश्चित ठरले नाही. चौकशीत एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली: त्या रात्री जागता फिरता पहारा नव्हता. कप्तानावर पुढे खटला होऊन २०२४ च्या मे महिन्यात त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ ही पर्यटक बोट पहाटेच्या सुमारास उलटली व काही जणांचा पत्ताच लागला नाही.

ज्या घरातील माणूस बोटीवर आहे त्या घराला रात्रपाळीच्या पहाऱ्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. तेव्हा सफरीची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी घरातल्या त्या अनुभवी माणसाला पुढे करून बोटीच्या मालकास पत्राने विचारावे: रात्री जागता कोण असतो? निजण्याच्या खोलीतून दोन वाटा आहेत काय, आणि त्या दोन निराळ्या ठिकाणी निघतात काय? कॅमेरे, दिवे, फोन ह्यांच्या बॅटऱ्या रात्री कोठे व कोणाच्या देखरेखीखाली भरल्या जातात? प्रथमोपचाराचा प्राणवायू किती तास पुरेल? पहिल्याच संध्याकाळी संकटाची कवाईत होते काय? ज्या मालकाला हे प्रश्न विचारलेले आवडत नाहीत, त्याची बोट कितीही शुभ्र असो, आम्ही आमच्या पोराला तिच्यावर चढू देणार नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. म्हणून श्वास रोखून वर येणे हा ह्या विद्येतील पहिला निषेध आहे, त्याने फुप्फुस फाटते. दुसरी अडचण अधिक लबाड आहे. हवेतील नत्रवायू दाबाखाली रक्तात व अंगात मुरतो. सावकाश वर आले, पाच मीटरांवर तीनेक मिनिटे थांबले, तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे त्याचे बुडबुडे अंगातच उठतात. सांधे ठणकतात, हातपाय बधिर होतात, प्रसंगी माणूस लुळा पडतो. त्यावर उपाय म्हणजे प्राणवायू देणे व दाबाच्या कोठीत ठेवून पुन्हा हळूहळू दाब उतरविणे. अशा कोठ्या थोड्या. मालदीवात काही बेटांवर आहेत, आपल्याकडे मुंबईच्या ‘अश्विनी’ ह्या नौदलाच्या रुग्णालयात आहे. बोट जेथे जाणार तेथून जवळची कोठी किती तासांवर आहे, हेही त्या पत्रात विचारावे. मुक्कामी बोटीवर दिवसाला तीन-चार बुड्या होतात आणि नत्रवायूची बाकी रोज थोडी थोडी साचत जाते, म्हणून येथे एका दिवसाच्या हौशीपेक्षा अधिक शिस्त लागते.

शिक्षण सफरीआधीच पुरे झालेले असावे. प्राथमिक दाखला अठरा मीटरांपर्यंतचा असतो, पुढचा तीस मीटरांपर्यंतचा. मालदीवात पर्यटकाला तीस मीटरांखाली जाण्यास कायद्यानेच बंदी आहे. तेथील खाड्यांतून पाण्याची ओढ जबर असते, सबब बऱ्याच बोटी मागच्या बुड्यांची वहीही पाहतात. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे असेल त्याने प्रथम डॉक्टराकडे जावे. गरोदर स्त्रीने बुडी मारू नये. आणि एक विनंती डिचोलीच्या तरुणांना: पाण्याने भरलेल्या जुन्या खाणींच्या खंदकांत ‘सराव’ करू नका. कडा सुटतात, गाळ ढवळला की हात दिसत नाही, आणि वर काढणारा कोणी नसतो.

हंगामाविषयी थोडे. आपल्याकडे पावसाळ्यात बुडी बंद, म्हणून सर्वत्र बंद असेल असे नाही. मालदीवात ईशान्येचा वारा असता, साधारण जानेवारी ते एप्रिल, समुद्र निवळ व शांत असतो. नैऋत्येच्या वाऱ्यात पाणी गढूळते, पण त्या गढूळपणातील सूक्ष्म जीव खाण्यास मांटा जातीचे प्रचंड वाघळी मासे गोळा होतात. बा अॅटॉलमधील हनिफारू आखातात त्यांची जत्रा भरते. तेथे सिलिंडर घेऊन उतरण्यास मनाई आहे, पृष्ठावरून नळी लावून पाहावे लागते. प्रवाळे मात्र पूर्वीसारखी राहिली नाहीत. १९९८ साली समुद्र तापून ती पांढरी पडली व पुष्कळ मेली. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये तोच प्रकार घडला. तेव्हा जुन्या छायाचित्रांतील रंग प्रत्यक्षात दिसतीलच अशी आशा धरू नये.

खर्चाचा हिशेब करताना बोटीचे भाडे म्हणजे सर्व खर्च नव्हे हे ध्यानात असू द्यावे. साहित्याचे भाडे, सरकारी कर, खलाशांची बक्षिसी, वाऱ्यामुळे विमान चुकल्यास एका रात्रीचा मुक्काम, हे निराळे. विमा स्वतंत्र उतरावा, आणि त्याच्या कागदात बुडीचा व दाबाच्या कोठीचा उल्लेख स्पष्ट आहे ना, हे वाचून घ्यावे. सामान्य विम्यात तो पुष्कळदा नसतो. सामानात मऊ पिशवी घ्यावी, कारण खोलीत पेटी ठेवण्यास जागा नसते. मालदीवात डुकराचे मांस, दारू व पूजेच्या मूर्ती नेण्यास बंदी आहे; आईने प्रेमाने बांधून दिलेले चोरीस आणि मामाने दिलेली फेणीची बाटली घरीच राहिलेली बरी. लक्षद्वीपास जाणाऱ्याने आधी परवाना काढावा. तो भारतीय नागरिकालाही लागतो.

शेवटच्या दिवसाची आखणी मात्र सर्वांत आधी करावी. नत्रवायू अंगात असता उंचावर गेले की बाहेरचा दाब कमी होऊन तेच बुडबुडे उठतात. अनेक दिवस बुड्या मारलेल्या माणसाने निदान अठरा तास विमानात बसू नये, असा जाणत्यांचा दंडक आहे. पूर्ण चोवीस तास धरले तर उत्तम. म्हणून आदल्या दिवशी दुपारपूर्वी शेवटची बुडी, मग साहित्य गोड्या पाण्याने धुऊन वाळत घालणे व माले शहरात एक रात्र, असे ठरवूनच परतीचे तिकीट काढावे. मग ते मोप्यापर्यंत थेट असो वा मुंबई-बंगळूरमार्गे. विमानाचा हा नियम आता बऱ्याच जणांना माहीत असतो. घाटाचा कोणी विचार करीत नाही. सहाशे मीटरांवरच्या उंचीलाही तोच दंडक लागू आहे. आंबोली त्याहून उंच, चोर्ल्याचा माथा त्याहून उंच, बेळगावही. तेव्हा मालवणला वा ग्रांदी बेटापाशी सकाळी बुडी मारून संध्याकाळी गाडीने घाट चढून बेळगावच्या बहिणीकडे जेवावयास जाण्याचा बेत असेल, तर बहिणीला आधीच कळवावे की, भाऊ उद्या येईल.