नॉरॲड्रेनॅलिन इंजेक्शन : अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या नातेवाइकांसाठी मार्गदर्शन

प्रस्तावना

अतिदक्षता विभागाचे दार उघडते आणि डॉक्टर सांगतात, "पेशंटचे बीपी लागत नाहीये. आम्ही सपोर्ट सुरू केला आहे." बाहेर बसलेल्या घरच्यांना यातला 'सपोर्ट' हा शब्द तेवढा लक्षात राहतो. कोणाला वाटते कृत्रिम श्वासाचे यंत्र लावले, कोणाला वाटते आता आशा संपली. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी मॉनिटरवर ११८/७० असा आकडा दिसतो आणि तेच घर म्हणते, "बीपी तर नॉर्मल आहे, मग वॉर्डात का हलवत नाहीत?"

हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे घरचे लोक चुकीचे निर्णय घेऊ शकतात. या पाठात आपण हा 'सपोर्ट' म्हणजे काय, तो शरीरात कसे काम करतो, त्यात धोके कोणते आणि नातेवाईक म्हणून तुम्ही काय विचारावे, हे पाहू. असा सपोर्ट देण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे औषध नॉरॲड्रेनॅलिन हे आहे. अमेरिकी पुस्तकांत त्यालाच नॉरएपिनेफ्रिन म्हणतात. दोन्ही नावे एकाच औषधाची आहेत.

रक्तदाब का पडतो?

इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे असे समजा. टाकीत पाणी तेवढेच आहे, पण खालचे सगळे नळ एकदम मोठे झाले, तर दाब पडतो आणि लांबच्या खोलीत पाणी पोचत नाही. जंतुसंसर्ग साऱ्या शरीरावर उलटला की असेच घडते. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्यातून पाणी आजूबाजूच्या भागात झिरपते आणि रक्तदाब कोसळतो. मूत्रपिंड, मेंदू, यकृत यांना पुरेसे रक्त मिळेनासे होते. या अवस्थेला सेप्टिक शॉक म्हणतात.

अशा वेळी पहिला उपाय सलाइनचा. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या ३ तासांत वजनाच्या दर किलोमागे निदान ३० मिलिलिटर द्रव द्यावा असे सुचवले आहे. ६० किलोच्या रुग्णाला हे १८०० मिलिलिटर होते. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर हे प्रमाण रुग्ण पाहून ठरवतात. एवढ्याने दाब सावरला नाही, किंवा तो सुरुवातीलाच फार खाली असला, तर नॉरॲड्रेनॅलिन सुरू करतात.

औषध काय करते?

नॉरॲड्रेनॅलिन हे शरीराला परके नाही. आपल्याच मज्जातंतूंच्या टोकांतून ते सतत स्रवत असते. स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये हे दाखवून दिले आणि १९७० च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. इंजेक्शनातून दिलेले नॉरॲड्रेनॅलिन सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाच्या आकुंचनाला थोडे बळ देते. त्यामुळे दाब वाढतो.

पूर्वी या कामासाठी डोपामिन बरेच वापरत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात शॉकच्या १६७९ रुग्णांमध्ये या दोन औषधांची तुलना झाली. मृत्यूच्या प्रमाणात ठळक फरक आढळला नाही, पण हृदयाचे ठोके बिघडण्याचे प्रमाण डोपामिन घेतलेल्यांत सुमारे २४ टक्के आणि नॉरॲड्रेनॅलिन घेतलेल्यांत सुमारे १२ टक्के होते. आज सेप्टिक शॉकमध्ये नॉरॲड्रेनॅलिनला पहिली पसंती आहे. ते पुरेसे पडले नाही तर व्हॅसोप्रेसिनसारखे दुसरे औषध जोडले जाते.

या औषधाचा परिणाम एक-दोन मिनिटांत दिसू लागतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. म्हणून ते एका टोचणीत देऊन भागत नाही. सिरिंज पंपातून थेंबाथेंबाने, अखंड द्यावे लागते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र ही की नॉरॲड्रेनॅलिन मूळ आजार बरा करत नाही. ते दाब धरून ठेवते आणि त्या वेळात प्रतिजैविकांना (अँटिबायोटिक्सना) काम करता येते, पोटात किंवा पायात साचलेला पू काढता येतो, अडलेली लघवीची वाट मोकळी करता येते. मूळ कारणावर इलाज झाला नाही तर नुसत्या सपोर्टवर रुग्ण बरा होत नाही.

मॉनिटरवरचा आकडा कसा वाचावा?

मॉनिटरवर ९६/५२ (६७) असे काही दिसेल. कंसातला आकडा म्हणजे सरासरी दाब. डॉक्टर मुख्यतः त्यावर लक्ष ठेवतात. वरच्या आकड्यात खालचा आकडा दोनदा मिळवून ३ ने भागले की तो जवळपास येतो : ९६ अधिक १०४ म्हणजे २००, भागिले ३ म्हणजे सुमारे ६७. सर्वसाधारण उद्दिष्ट ६५ चे असते. म्हणून ९६/५२ पाहून घाबरू नका.

"आमच्या बाबांचे बीपी नेहमी १५० असते, मग ९६ कसे चालेल?" हा प्रश्न रास्त आहे. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी दाब ६५ ते ७० आणि ८० ते ८५ असे दोन गट करून पाहिले. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मात्र ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता, त्यांच्यात वरचा दाब ठेवल्यावर डायलिसिसची गरज कमी लागली. वरच्या दाबाच्या गटात हृदयाची लय बिघडण्याचे प्रकार मात्र जास्त झाले. म्हणून रुग्णाला आधीपासून बीपी आहे, नेहमीचा आकडा काय असतो, कोणत्या गोळ्या चालू होत्या आणि शेवटची गोळी कधी घेतली, हे तुम्ही सांगितलेच पाहिजे.

दाबापेक्षा डोस विचारा

दोन रुग्णांचे बीपी ११८/७० आहे. एकाला सपोर्ट नाही आणि दुसऱ्याला मोठ्या डोसमध्ये चालू आहे. आकडा एकच, पण प्रकृतीत जमीन-अस्मानाचा फरक. दुसऱ्याचा दाब औषधाने धरून ठेवलेला आहे. म्हणून रोज डॉक्टरांना पुढील चार प्रश्न विचारा :

१. कालच्यापेक्षा नॉरॲड्रेनॅलिनचा डोस कमी झाला की वाढला?
२. लघवी किती होते आहे? (६० किलोच्या माणसाला ताशी साधारण ३० मिलिलिटर तरी व्हावी.)
३. रक्तातले लॅक्टेट उतरते आहे का? (अवयवांना रक्त कमी पडले की ते वाढते.)
४. आजाराचे मूळ सापडले का, आणि त्यावर इलाज सुरू आहे का?

दाब तोच राहून डोस उतरत असेल, लघवी वाढत असेल आणि लॅक्टेट कमी होत असेल, तर रुग्ण सावरतो आहे. दाब तोच पण डोस रोज चढत असेल, तर प्रकृती खालावते आहे. अशा वेळी पुढे काय करायचे, कुठवर करायचे, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्याची ती वेळ असते.

पंपावरचा आकडा स्वतः वाचून मात्र निष्कर्ष काढू नका. समजा, ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम औषध आहे आणि पंप ताशी ४.५ मिलिलिटरवर चालू आहे. नंतर सिस्टरनी ८ मिलिग्रॅमची नवी सिरिंज लावली. आता ताशी २.२५ मिलिलिटरला तोच डोस जातो. पंपाचा आकडा निम्मा झाला, औषध मात्र तेवढेच आहे. डॉक्टर डोस मोजतात तो दर किलो वजनाला, दर मिनिटाला किती मायक्रोग्रॅम या हिशेबाने. तोच विचारा.

धोके आणि तुमचे लक्ष

हे औषध शक्यतो मानेतल्या, छातीतल्या किंवा मांडीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून देतात. तिला सेंट्रल लाइन म्हणतात. वेळ वाया जाऊ नये म्हणून सुरुवातीला थोडा काळ हाताच्या चांगल्या शिरेतूनही ते सुरू करता येते. पण तिथे सुई सरकली आणि औषध शिरेबाहेर मांसात गेले, तर तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि कातडी व मांस मरू शकते.

औषध हाताच्या शिरेतून चालू असेल तर भेटीच्या वेळी एवढे पाहा :

• सुईच्या आसपास कातडी पांढरी, थंड किंवा टणक झाली आहे का?
• सूज आहे का? रुग्ण शुद्धीवर असल्यास जळजळ किंवा दुखणे सांगतो का?
• त्याच हाताला बीपीचा पट्टा बांधलेला आहे का? (तो दुसऱ्या हाताला असावा.)

काही शंका आली तर लगेच सिस्टरना हाक मारा. हात चोळू नका, शेकू नका, सुई ओढू नका. सुईतून सांडलेले औषध थोडे मागे ओढून घेता येते, म्हणून ती जागेवर असणे उपयोगाचे असते. त्यानंतर फेंटोलामिन नावाचे उलट परिणामाचे इंजेक्शन त्या जागी देतात. ते जितके लवकर, तितके चांगले. १२ तासांच्या आत द्यावे लागते.

डोस मोठा असला तर हातापायांची बोटे थंड, निळसर, कधी काळी पडू शकतात. रुग्णाला मधुमेह असेल किंवा पायांचा रक्तपुरवठा आधीच कमी असेल, तर हा धोका वाढतो. ठोके अनियमित होणे, रक्तातली साखर चढणे हेही होऊ शकते. डॉक्टर हे धोके पत्करतात, कारण दाब पडू देणे त्याहून घातक असते.

पंप वाजू लागला तर त्याला हात लावू नका, सिस्टरना बोलवा. सिरिंज संपणे, नळी दुमडणे, उशी सरकवताना जोड निसटणे, एवढ्यानेही दाब दोन-तीन मिनिटांत कोसळू शकतो. याच कारणाने औषध एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने उतरवतात. "आज बंद करून बघा" असा आग्रह धरू नका.

आधीच सांगायच्या गोष्टी

पुढीलपैकी काही असल्यास डॉक्टरांना न विचारताही सांगा : नैराश्यासाठी किंवा झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन यांसारख्या गोळ्या, पार्किन्सनसाठी सेलेजिलिन किंवा रासाजिलिन, लिनेझोलिड हे प्रतिजैविक, जे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगातही देतात. या औषधांबरोबर नॉरॲड्रेनॅलिनचा परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त होऊ शकतो. दमा किंवा सल्फाइटची ॲलर्जी असल्यास तेही सांगा, कारण अनेक कंपन्यांच्या इंजेक्शनात सल्फाइट असते. गोळ्यांची पाकिटे सोबत नेली तर उत्तम.

हे इंजेक्शन कोणासाठी नाही

ज्याचा रक्तदाब नेहमीच १०० च्या आसपास असतो आणि ज्याला काही त्रास नाही, त्याला कोणत्याच इंजेक्शनची गरज नसते. रक्तदाब वाढवणारे दुसरे एक इंजेक्शन, मेफेंटरमिन, भूल देताना दाब पडल्यास वापरतात. व्यायामाची ताकद वाढते म्हणून काही तरुण ते चोरून टोचून घेतात, आणि महाराष्ट्रातही अशा बेकायदा विक्रीवर कारवाया झाल्या आहेत. मॉनिटर नाही, डॉक्टर नाही, अशा जागी असे औषध घेतले तर दाब भलताच चढून हृदयाला किंवा मेंदूला इजा होऊ शकते.

घरी जाताना

सपोर्ट निघाला, वॉर्डात आले, सुटी मिळाली. इथे एक चूक सहज होते. अतिदक्षता विभागात बीपीच्या जुन्या गोळ्या थांबवलेल्या असतात. घरी आल्यावर कोणी सगळ्या एकदम सुरू करतो आणि रुग्ण चक्कर येऊन पडतो. कोणी कधीच सुरू करत नाही आणि काही महिन्यांनी दाब धोकादायक चढतो. सुटीच्या कागदावर कोणती गोळी कधीपासून घ्यायची हे लिहून घ्या. बोटांची टोके काळी पडली असतील तर त्यांची तपासणी कधी, हेही विचारा. अशक्तपणा आणि विसराळूपणा काही आठवडे, कधी काही महिने राहू शकतो. त्याला आळस समजू नका.

सारांश

नॉरॲड्रेनॅलिन दाब धरून ठेवते आणि मूळ आजारावर इलाज करायला वेळ मिळवून देते. सपोर्ट लागला म्हणजे आशा संपली असे नाही, आणि आकडा चांगला दिसला म्हणजे रुग्ण बरा झाला असेही नाही. खरी बातमी डोस चढतो की उतरतो यात असते. हा पाठ समजून घेण्यासाठी आहे. तुमच्या रुग्णाबाबतचा निर्णय त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असेल, पण तो समजून घेणे आणि त्याविषयी विचारणे हा तुमचा हक्क आहे.