सूर्याच्या प्रभामंडलातील क्षणिक उसळ्या

चुंबकीय क्षेत्रात कोंडलेला प्लाझ्मा कधीच स्वस्थ नसतो. अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या या तप्त वायूतले विद्युतभारित कण चुंबकीय रेषांभोवती वेटोळे घेत फिरतात. रेषेच्या दिशेने ते सहज धावतात. रेषा ओलांडणे मात्र त्यांना अवघड जाते. म्हणूनच चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा अडवता येतो. पण क्षेत्र कितीही बळकट असले तरी दाट आणि विरळ, तप्त आणि थंड भागांमधला फरक संक्षोभाला ऊर्जा पुरवत राहतो. मग कण आणि उष्णता संथपणे पाझरण्याऐवजी थांबून थांबून, उसळ्यांनी बाहेर पडतात.

हे भारतात प्रयोगशाळेत नोंदले गेले ते गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत. तिथला ‘आदित्य’ हा टोकामॅक, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणारे कड्याच्या आकाराचे यंत्र, 1989 मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या कड्याची मोठी त्रिज्या 75 सेंटिमीटर आणि छोटी 25 सेंटिमीटर. कडेच्या प्लाझ्मातले चढउतार तपासून आर. झा, प्रेधिमान कॉ आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये दाखवले की हा संक्षोभ खंडित स्वरूपाचा आहे. असंख्य स्वतंत्र कारणांची बेरीज होऊन चढउतार घडले असते, तर त्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा आला असता आणि मोठे चढउतार अतिशय दुर्मीळ ठरले असते. प्रत्यक्षात ते त्याहून बरेच जास्त वेळा आढळतात. त्यामुळे टोकामॅकच्या भिंतीला किती उष्णता सोसावी लागेल, हे नुसत्या सरासरीवरून ठरवता येत नाही.

सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या विरळ वातावरणात, याच स्वभावाचा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहतो आणि त्याच्याशी पुण्याचा संबंध जुना आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर इथून घेतले. त्या काळी प्रभामंडलाच्या वर्णपटातली हिरवी रेषा हे कोडेच होते. ती ‘कोरोनियम’ नावाच्या अज्ञात मूलद्रव्याची मानली जाई. 1940 च्या सुमारास ग्रोट्रियन आणि एडलेन यांच्या कामातून उलगडा झाला, की ती 13 इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे. लोहाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा दृश्य पृष्ठभाग मात्र सुमारे 5,500 अंश सेल्सिअस आहे.

तापमानातला फरक प्रचंड असला तरी लागणारी ऊर्जा माफक आहे. शांत भागातले प्रभामंडल तप्त ठेवायला दर चौरस मीटरला सुमारे 300 वॅट पुरतात. पृष्ठभागावरून तेवढ्याच जागेतून सुमारे 6 कोटी 30 लाख वॅट बाहेर पडतात. तेव्हा खरा प्रश्न ऊर्जा विरळ प्रभामंडलात पोचते कशी, हा आहे. यूजीन पार्कर यांनी 1988 मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार पृष्ठभागाच्या खळबळीने चुंबकीय रेषांची मुळे सतत हलतात, रेषा एकमेकींत गुंततात आणि ताण वाढला की तुटून नव्याने जोडल्या जातात. अशा प्रत्येक वेळी सुटणारी ऊर्जा मोठ्या सौरज्वालेच्या साधारण अब्जांशाएवढी, म्हणून या घटनांना ‘नॅनोफ्लेअर’ म्हणतात.

त्यांच्या एकत्रित ऊर्जेने प्रभामंडल तापायचे, तर अट एकच: ऊर्जा दहापट कमी असलेल्या घटनांची संख्या दहापटीहून अधिक भरली पाहिजे. तसे नसेल, तर बहुतांश ऊर्जा मोठ्या ज्वालांतूनच येते आणि त्या तर क्वचितच होतात.

इतक्या क्षीण घटना क्ष-किरणांत एकेकट्या टिपणे कठीण. रेडिओ लहरींत मात्र वेगवान इलेक्ट्रॉनांचे थोडेसे झोतही ठळक खूण सोडतात. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले सुरजित मंडल, दिव्य ओबेरॉय आणि अतुल मोहन यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ‘मर्चिसन वाइडफील्ड ॲरे’ या दुर्बिणीने सूर्याच्या लागोपाठ प्रतिमा मिळवल्या. 2020 मध्ये त्यांनी जाहीर केले की शांत सूर्याच्या सर्व भागांत क्षीण, अल्पजीवी आणि अरुंद वारंवारता-पट्ट्यातल्या रेडिओ उसळ्या दिसतात. नॅनोफ्लेअरकडून अपेक्षित असलेली ही खूण होती.

मोठ्या ज्वालांचा अभ्यास पुणे विद्यापीठाच्याच आवारातल्या ‘आयुका’ या खगोलभौतिकी संस्थेकडे आहे. आयुकाने इस्रोसह घडवलेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण ‘आदित्य-एल1’ यानावर आहे. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेले हे यान 6 जानेवारी 2024 रोजी पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरच्या एल1 बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचले. ‘सूट’ 11 गाळण्यांतून 200 ते 400 नॅनोमीटरच्या पट्ट्यात सूर्याची चित्रे घेते. यातला बराच प्रकाश ओझोन अडवत असल्याने जमिनीवर येत नाही. 22 फेब्रुवारी 2024 ची एक्स6.3 वर्गाची प्रखर ज्वाला तिने टिपली.

दोन्ही टोकांची निरीक्षणे जोडूनच ऊर्जेचा हिशेब लागेल. क्षीण उसळ्या सर्वत्र आहेत, हे दिसले आहे. प्रभामंडल तापवायला त्या पुरेशा आहेत की नाहीत, हे अजून ठरायचे आहे. रेडिओ लहरींची तीव्रता आणि मूळ घटनेत सुटलेली ऊर्जा यांचे नाते सरळ नसल्याने हे गणित अवघड आहे.