वाफेच्या गाडीचीं शेवटचीं पांच वर्षें

एखादी वस्तु नित्याच्या व्यवहारांत असते तोंवर तिची नोंद ठेवावी असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि मनांत येतें तेव्हां ती वस्तु बहुधा भंगारांत गेलेली असते. अमेरिकेंतील एका रेल्वेच्या बाबतींत मात्र हा नियम थोडक्यांत चुकला. तिचीं वाफेचीं इंजिनें, तिचीं लहानमोठीं स्टेशनें आणि रुळांच्या कडेनें राहणारीं माणसें हीं सारीं अगदीं शेवटच्या पांच वर्षांत एका हौशी गृहस्थानें टिपून ठेविलीं. त्याचें नांव ओगल विन्स्टन लिंक.

लिंक १९१४ सालीं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांत जन्मला. शिक्षणानें तो स्थापत्य-इंजिनियर, व्यवसायानें जाहिरातींसाठीं छायाचित्रें घेणारा. जानेवारी १९५५ मध्यें वातानुकूलनाच्या यंत्रांच्या जाहिरातीचें काम घेऊन तो व्हर्जिनिया संस्थानांतील स्टॉन्टन या गांवीं आला. तेथून जवळच वेन्सबरो येथें नॉर्फोक अँड वेस्टर्न रेल्वेचें स्टेशन होतें. काम आटोपल्यावर तो तिकडे गेला, आणि ज्यांचा त्याला पूर्वींपासून छंद होता तीं वाफेचीं इंजिनें तेथें अजून पूर्ण तोऱ्यांत धांवत असलेलीं त्याला दिसलीं. लगेच २१ जानेवारीच्या रात्रीं त्यानें तेथें पहिलें छायाचित्र घेतलें.

त्या वेळेपर्यंत अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या रेल्वे-कंपन्या डीझेलकडे वळल्या होत्या. नॉर्फोक अँड वेस्टर्न मागें राहिली, पण ती आळसामुळें नव्हे. ॲपलेशियन डोंगरांतील कोळसा वाहणें हाच तिचा मुख्य धंदा. तेव्हां इंधन दारांत होतें. शिवाय रोआनोक येथील आपल्या कारखान्यांत ती आपलीं इंजिनें स्वतःच बांधीत असे, आणि तीं इतकीं उत्तम असत कीं कित्येक वर्षें डीझेलपुढें त्यांनीं हार खाल्ली नाहीं. या कारखान्यांतून शेवटचें वाफेचें इंजिन बाहेर पडलें तें १९५३ सालीं. परंतु १९५५ च्या उन्हाळ्याच्या तोंडीं कंपनीनें डीझेल इंजिनें घेण्याचा निर्णय जाहीर केला, आणि लिंकला कळून चुकलें कीं आतां अवधि थोडा आहे. त्यानें कंपनीची परवानगी मिळविली. पगार नाहीं, मागणी नाहीं. खर्च सारा पदरचा. १९६० पर्यंत सुमारें वीस फेऱ्या करून त्यानें जवळजवळ २,४०० निगेटिव्ह जमविल्या.

इंजिन बदललें तर स्टेशन कां बदलावें, असा प्रश्न एखाद्याला पडेल. त्याचें उत्तर वाफेच्या इंजिनाच्या भुकेंत आहे. त्याला ठराविक अंतरावर पाणी लागतें, कोळसा लागतो. पोटांतील राख काढून टाकावी लागते. सांध्यासांध्यांत वंगण घालावें लागतें. बॉयलर वरचेवर धुवावा लागतो. या प्रत्येक कामासाठीं मार्गावर कोठें ना कोठें एक टांकी, एक कोठार, एक छपरी आणि त्यांपाशीं राबणारीं चार माणसें असावीं लागतात. त्या माणसांच्या जिवावर खाणावळ चालते, दुकान चालतें, गांव उभें राहतें. डीझेल इंजिन तेल भरून निघालें कीं या मधल्या मुक्कामांकडे ढुंकूनही पाहत नाहीं. आणि तशीं चार इंजिनें एकत्र जोडलीं तरी तीं एकाच ड्रायव्हरच्या हातांनीं चालतात. म्हणजे यंत्र बदलतें तेव्हां त्याभोंवतीं जमलेली सगळी वस्तीच निराधार होते. लिंकनें हें ओळखलें होतें. म्हणून त्याच्या चित्रांत इंजिन पुष्कळदां मागें असतें. पुढें असतो कंदील घेतलेला गार्ड, वंगण घालणारा कामगार, अथवा रुळांशेजारच्या घरांतील कुटुंब.

यांतील बहुतेक चित्रें रात्रीचीं आहेत, आणि तीं घेण्याचा खटाटोप समजून घेण्यासारखा आहे. सूर्य हलवितां येत नाहीं आणि रूळही हलवितां येत नाहींत, ही लिंकची अडचण होती. दिवसां ऊन भलत्या बाजूनें येतें. इंजिनाचीं चाकें व दांडे सांवलींत बुडतात. रात्रीं मात्र जेथें दिवा ठेवावा तेथूनच प्रकाश येतो. नको असेल तें सारें काळोख गिळून टाकतो, आणि धूर व वाफ काळ्या आकाशावर शुभ्र उमटतात. पण प्रकाशाचा एक कठोर नियम आहे. अंतर दुप्पट झालें कीं तो चौथाईवर येतो. शेंकडों फूट लांबीची गाडी, तिच्यामागील टेंकडी, पुढील घर, इतकें सगळें उजळायचें म्हणजे एका दिव्याचें काम नव्हे. लिंक त्यासाठीं डझनांनीं दिवे मांडीत असे. हे दिवे म्हणजे प्राणवायूनें भरलेले कांचेचे गोळे. आंत धातूची बारीक तार. विजेचा झटका बसला कीं ती तार क्षणार्धांत जळून लख्ख प्रकाश पडतो, आणि गोळा कायमचा निकामी होतो. सर्व गोळे एकाच मालिकेंत जोडलेले. एक बिघडला तर एकही पेटावयाचा नाहीं. सहायकासह तारा पसरण्यांत तासन् तास जात, आणि गाडी तर एकदांच येणार! त्यासाठीं लागणारी विजेची पेटी त्यानें स्वतःच तयार केली होती. येथें त्याचें इंजिनियरिंगचें शिक्षण कामीं आलें.

२ ऑगस्ट १९५६ च्या रात्रीं वेस्ट व्हर्जिनियांतील आयेगर या गांवीं घेतलेलें चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. मोटारींत बसून पाहावयाचा उघड्यावरील सिनेमा, पुढच्या मोटारींत एक तरुण जोडपें, पडद्यावर विमान, आणि पडद्याशेजारून धूर सोडीत जाणारी मालगाडी. या एका क्षणासाठीं चाळीसहून अधिक गोळे जळाले. लिथिया येथील दुसऱ्या चित्रांत एका घराची बैठक दिसते. आई खुर्चीवर बसली आहे, मुलगा खिडकींतून हात हालवीत आहे, आणि खिडकीच्या पलीकडून, अगदीं अंगणांतून जावी तशी, गाडी चालली आहे. ग्रीन कोव्ह या आडवळणाच्या स्टेशनावरील चित्र मात्र दिवसाचें. गाड्याला जुंपलेली घोडी येणाऱ्या इंजिनापुढें मान लववून उभी आहे.

हीं चित्रें पाहून एक शंका हटकून घेतली जाते. माणसें सांगून उभीं केलेलीं, प्रकाश कृत्रिम, मोटारींतील जोडपें मुद्दाम बसविलेलें, मोटारही लिंकचीच! इतकेंच नव्हे, तर दिव्यांच्या झोतांत पडद्यावरील सिनेमा पुसला गेला, म्हणून तें विमान दुसऱ्या निगेटिव्हवरून मागाहून छापलेलें आहे. मग याला नोंद म्हणावें कीं नाटक? शंका रास्त आहे, आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. विमान पडद्यावर नेमकें त्याच क्षणीं होतें असा पुरावा या चित्रांतून कोणी काढूं नये. पण इंजिन खरें होतें, वेळापत्रक खरें होतें, ती बैठक आणि तिच्याखालून थरथरणारी जमीन खरी होती. लिंकनें मांडणी केली ती रोज घडणाऱ्या गोष्टींचीच. कृत्रिम प्रकाश नसता तर त्या रात्रींची कोणतीच साक्ष उरली नसती, हेंही तितकेंच खरें.

नुसत्या चित्रांवर त्याचें समाधान झालें नाहीं. ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन तो रुळांपाशीं बसे. १९५७ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं रूरल रिट्रीट या स्टेशनावर, चर्चच्या घंटांवर नाताळचीं गीतें वाजत असतांना, ‘पेलिकन’ गाडी आली, थांबली आणि निघून गेली. तो सर्व आवाज त्यानें मुद्रित केला. येथेंही घंटा वाजविण्याची योजना त्याचीच होती. आपल्याकडे ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ पर्यंत रेंगाळली. त्यामुळें चढावर धापा टाकणाऱ्या इंजिनाची लय पुष्कळ घरांत अजून कोणाच्या तरी कानांत आहे. अमेरिकेंत आतां ती अशाच मुद्रिकांवर ऐकावी लागते.

मे १९६० मध्यें नॉर्फोक अँड वेस्टर्नची वाफ थांबली. लिंक पुन्हां जाहिरातींकडे वळला, आणि त्याच्या चित्रांना व्यापक कीर्ति मिळाली ती १९८३ च्या सुमारास भरलेल्या प्रदर्शनांनंतर. १९९९ मधील ‘ऑक्टोबर स्काय’ या बोलपटांत तो क्षणभर इंजिन-ड्रायव्हर म्हणून दिसतो. वयाच्या पंचाऐशीच्या घरांत ती हौसही फिटली. ३० जानेवारी २००१ रोजीं तो वारला. १९७७ सालीं बंद झालेल्या ग्रीन कोव्हच्या मार्गावरील रूळ उखडले गेले आणि तेथें पायी व सायकलीनें जाणाऱ्यांची वाट झाली. सप्टेंबर १९२४ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या म्हणजे २०२४ च्या सप्टेंबरांतील वादळानें त्या वाटेवरचे कित्येक जुने लांकडी पूलही वाहून नेले. रोआनोकच्या जुन्या उतारूंच्या स्टेशनांत २००४ सालीं लिंकच्या चित्रांचें संग्रहालय उघडलें. त्याच गांवीं १९५० सालीं बांधलेलें ६११ क्रमांकाचें इंजिन २०१५ मध्यें पुन्हां दुरुस्त करून रुळांवर आणण्यांत आलें.