एकसमान वर्तुळाकार गती : संज्ञा आणि एक रूढ गैरसमज

स्थिर चालीने वर्तुळावर फिरणाऱ्या वस्तूला त्वरण असते काय, असे प्रथम वर्षाच्या वर्गात विचारले असता बहुसंख्य विद्यार्थी 'नाही' असे उत्तर देतात, हा प्रस्तुत लेखकाचा दरवर्षीचा अनुभव आहे. या उत्तराचे मूळ काही अंशी आपल्या भाषेत आहे. व्यवहारात आपण 'वेग' हा शब्द गाडीच्या काट्यावर दिसणाऱ्या आकड्यासाठी वापरतो. पदार्थविज्ञान त्या आकड्याला 'चाल' म्हणते आणि चाल व दिशा या दोहोंसाठी मिळून 'वेग' ही संज्ञा राखून ठेवते. वर्तुळावर दिशा क्षणोक्षणी पालटते. त्यामुळे चाल कायम असूनही वेग बदलतो, आणि वेग बदलण्याचा दर म्हणजेच त्वरण. 'एकसमान' हे विशेषण येथे चालीचे आहे, वेगाचे नव्हे.

चालीच्या वर्गाला त्रिज्येने भागले असता या त्वरणाचे परिमाण मिळते. त्याची दिशा सदैव केंद्राकडे असते. पिकावरची पाखरे हाकणाऱ्या राखणदाराची गोफण घेऊ. 100 ग्रॅमचा दगड 1 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला दोन फेरे घेत असल्यास त्याचे त्वरण सुमारे 158 मीटर प्रति सेकंद वर्ग इतके होते, म्हणजे दगडाच्या वजनाच्या सुमारे सोळा पट बल त्याला केंद्राकडे ओढत असते. फेरे दुप्पट केल्यास हे बल चौपट होते. हाताला मात्र बाहेरची ओढ जाणवते आणि म्हणून दगडावर 'अपकेंद्री बल' कार्य करते, असे मानले जाते. वस्तुतः ती ओढ दोरीमार्फत हातावर आहे, दगडावर नव्हे. दोरीचे एक टोक सोडताच दगड त्रिज्येच्या दिशेने बाहेर न जाता स्पर्शिकेने सुटतो. राखणदाराला हे सूत्रावाचून ठाऊक असते. टोक केव्हा सोडायचे, यावरच त्याचा नेम अवलंबून असतो. (फिरत्या संदर्भचौकटीतून गणित मांडताना अपकेंद्री बल सोयीचे ठरते, हे खरे, परंतु प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास आरंभीच ते सांगू नये, असे मला वाटते.)

या गैरसमजाबद्दल विद्यार्थ्यांस फार दोष देता येत नाही. 1673 मध्ये हायगेन्सने वर्तुळाकार गतीविषयीची आपली प्रमेये प्रसिद्ध केली, तीही 'अपकेंद्री' बलाच्या भाषेत. 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटनने 'अभिकेंद्री' ही उलट संज्ञा वापरली आणि विचाराची दिशाच पालटली. चंद्र पृथ्वीपासून दूर का जात नाही, या प्रश्नाचे त्यामुळे 'तो सतत पडत आहे' असे उत्तर मिळाले. चंद्राची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असून एका सेकंदात तो साधारण 1 किलोमीटर पुढे सरकतो आणि तेवढ्या अवधीत स्पर्शिकेपासून पृथ्वीकडे अवघा 1.4 मिलिमीटर झुकतो. भूपृष्ठाजवळ सोडलेला दगड पहिल्या सेकंदात 4.9 मीटर पडतो. या दोन अंतरांचे गुणोत्तर सुमारे 3600 येते. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठ पट आहे, आणि साठाचा वर्ग 3600 आहे.