बोटांना कळणारी नोट

दुकानदार उरलेले पैसे हातावर ठेवतो. ज्याला दिसत नाही, त्याने शंभराची कोणती नि पाचशेची कोणती, हे ओळखायचे कसे?

पहिली खूण लांबीची. सध्याच्या मालिकेत शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिघींची ६६. चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून कमी! नोटा एकमेकींवर ठेवल्या तर फरक कळतो, एकटीच हाती आली की पंचाईत.

दुसरी खूण उठावाच्या छपाईची. शंभरावर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. कडांना तिरप्या रेघा, शंभराला चार, पाचशेला पाच. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात. पण बाजार फिरून मऊ पडलेल्या नोटेवर उठाव झिजतो, आणि कोऱ्या नोटा मिळतात कुणाला?

रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये ‘मनी’ ॲप आणले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की फोन किंमत बोलतो, तेही इंटरनेटशिवाय. खरी-खोटी मात्र सांगत नाही. शिवाय गर्दीच्या बसमध्ये फोन काढेपर्यंत कंडक्टर पुढे गेलेला असतो. म्हणून जुनी युक्ती टिकून आहे: घरीच शंभराची सरळ ठेवायची, दोनशेची एकदा दुमडायची, पाचशेची दोनदा. घडीची ही भाषा ज्याची त्याची वेगळी.