काळ्या मातीवर हवेची गाडी

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यात गाडीचं सस्पेन्शन म्हणजे कमान पाटे. दारव्हा, दिग्रस, घाटंजीच्या स्टँडवरून सुटणाऱ्या काळीपिवळीत माणसं मोजायची पद्धत नव्हती. चालकाच्या उजव्या अंगालाही एक जण दारात लटकलेला असायचा, मागच्या पायरीवर तिघंचौघं. एवढं ओझं कमांडर आणि ट्रॅक्स निमूट वाहायच्या, कारण खाली पोलादी पाट्यांची चळत होती. पाटा तुटलाच तर तालुक्याच्या गावी पाटेवाला असायचा. सेंटर बोल्ट काढायचा, तुटका पाटा बाजूला करायचा, दुसरा कमान देऊन बसवायचा आणि यू-क्लॅम्प आवळायचे. तुटल्या पाट्याला वेल्डिंग मारायचं नाही, आचेनं पोलादाचं पाणी उतरतं, एवढं शास्त्र त्या कामाला पुरायचं. टिपेश्वरच्या सुन्ना गेटातून आत शिरणाऱ्या जिप्सीला तर चारही चाकांना पाटेच, आणि जंगलात तिचं काही अडलं नाही.

2000 सालची बोलेरो मागच्या पाट्यांशी इमान राखून होती. 2002 मध्ये स्कॉर्पिओ आली ती मागेही कॉइल स्प्रिंग घेऊन. पुढे 2005 मध्ये इनोव्हा आणि 2009 मध्ये फॉर्च्युनर. बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट, शॉकअप हे शब्द मिस्त्रींच्या तोंडी रुळले. तरी सगळा मामला लोखंड आणि रबराचाच होता. खड्ड्यात खडखड वाजली की पहार घालून हलवून बघायचं, ढिलं लागेल ते बदलायचं.

हवा आमच्याकडे बसमधून आली. 2001 मध्ये व्होल्वोच्या बस भारतात धावू लागल्या आणि लांब पल्ल्याच्या ट्रॅव्हल्सचा चेहराच बदलला. यवतमाळहून रात्री निघून सकाळी पुण्यात उतरणाऱ्या पोरांना पाठ न दुखता पोचता येतं हे पहिल्यांदा कळलं. मोठ्या गाडीच्या मिस्त्रीला या हवेचं भय वाटलं नाही. एअर ब्रेकमुळे कॉम्प्रेसर आणि टाकी त्याच्या ओळखीची होतीच. त्यात भर पडली ती रबरी बलूनची आणि ॲक्सलला दांडीनं जोडलेल्या एका व्हॉल्व्हची. बस खाली दबली की दांडी वर जाते, व्हॉल्व्ह उघडतो, बलूनमध्ये हवा भरते. यात संगणक कुठेच नाही. म्हणून बसचा बलून बदलणारा हात तयार व्हायला वेळ लागला नाही.

एसयूव्हीचं गणित वेगळं निघालं. 1992 मध्ये रेंज रोव्हरला इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन मिळालं, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तुआरेग, कायेन, डिस्कव्हरी, क्यू7, मर्सिडीजची जीएल या सगळ्यांत ही सोय आली. 2008 मध्ये टाटांनी जग्वार-लँड रोव्हर विकत घेतली. क्यू7 औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्यात, मर्सिडीज चाकणला जुळू लागल्या, आणि 2024 मध्ये खुद्द रेंज रोव्हर पुण्यात जुळवायचं ठरलं. यवतमाळात, वणीत, पुसदला या गाड्या नव्या कोऱ्या क्वचितच आल्या. बहुतेक आल्या त्या पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा हैदराबादेत सात-आठ वर्षं वापरून झालेल्या. किंमत पडलेली, रुबाब शाबूत. आणि नेमकी हीच बलूनच्या रबराची उतरती वर्षं. पहिल्या मालकानं सुख भोगलं, दुरुस्तीचा वाटा आमच्याकडे आला.

गाडीखाली काय असतं ते थोडक्यात सांगतो. चार चाकांवर चार बलून. एक छोटा विजेवरचा कॉम्प्रेसर. त्याला जोडलेला ड्रायर, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची नळी. कोणत्या बलूनला हवा द्यायची ते ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, बऱ्याच गाड्यांत साठवणीची टाकी, प्रत्येक कोपऱ्याची उंची सांगणारे सेन्सर आणि हे सगळं चालवणारा संगणक. बसचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो, दमत नाही. एसयूव्हीचा कॉम्प्रेसर मात्र थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे. तो फार तापला की संगणक त्याला बंद करतो. या एका फरकाकडे आम्ही बरीच वर्षं दुर्लक्ष केलं आणि त्याची किंमत मोजली.

सुरुवातीच्या काळातला प्रकार सगळीकडे सारखाच असायचा. गाडी सकाळी एका बाजूनं बसलेली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मालक घाबरून टो करून दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरला न्यायचा. तिथं सांगितलं जायचं, कॉम्प्रेसर गेला. मोठी रक्कम मोजून नवा बसायचा, गाडी उभी राहायची, मालक खूश. वर्ष-दीड वर्षानं तोही गेलेला. मग दोष कंपनीला, मिस्त्रीला, रस्त्याला. खरं कारण बहुधा भलतंच असायचं: बलूनला बारीक चीर. हवा रात्रभर हळूहळू जात राहायची, सकाळी कॉम्प्रेसर ती भरून काढायचा, दिवसभर पुन्हा पुन्हा सुरू व्हायचा आणि शेवटी जळायचा. बसच्या कामातून या धंद्यात आलेल्या एका वयस्क मिस्त्रीनं वऱ्हाडीत त्याचं निदान केलं होतं, "कॉम्प्रेसर आपला आपण मरत नाई भाऊ, त्याले मारतात."

आमच्या हवामानाचा यात मोठा हात आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी तापल्या डांबरावर उभ्या गाडीचा कॉम्प्रेसर आधीच गरम असतो, थोडं काम पडलं की संरक्षणासाठी बंद होतो. दुपारी गाडी उचलली जात नाही आणि पहाटे बिनतक्रार उचलली जाते, असं दिसलं की कॉम्प्रेसर दमतोय असं समजावं आणि गळती शोधायला घ्यावी. पावसाळ्यात काळी माती. ही माती पाण्यानं फुगते, वाळली की विटेसारखी कडक होते. शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या बलूनच्या घडीत ती जाऊन बसते आणि गाडी वरखाली होताना रबर घासत राहते. वणी भागात कोळशाची धूळही तेच काम करते. सेन्सरच्या दांड्यांवर चिखलाचा गोळा वाळला की सेन्सर खोटी उंची सांगतो आणि संगणक त्यावर विश्वास ठेवून चांगल्या गाडीला तिरकी करतो. अशा गाडीचं दुखणं कित्येकदा पाण्याच्या फवाऱ्यानं बरं झालेलं आहे. फवारा मात्र बेतानं मारावा, जोडण्यांत पाणी शिरलं तर नवं दुखणं.

हिवाळ्याचा मात्र गैरसमज फार. दिवसाच्या 33 अंशांवरून रात्री पारा 12 अंशांवर उतरला तर बलूनमधल्या हवेचं आकारमान सुमारे 7 टक्क्यांनी आक्रसतं. गाडी चारही बाजूंनी सारखी, किंचित खाली बसली तर तो निसर्गनियम आहे, बिघाड नाही. एकच कोपरा बसला तर गळती.

अर्थात यातही एक मेख आहे, आणि ती कळायला इथल्या गॅरेजांना बरीच वर्षं लागली. लँड रोव्हरसारख्या काही गाड्यांचा संगणक गाडी बंद असतानाही मधूनमधून जागा होतो, सर्वांत खालचा कोपरा बघतो आणि बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला उतरवतो. म्हणजे गळतो एक बलून आणि सकाळी चारही बसलेले दिसतात. मग चारही बदलायचा सल्ला मिळतो! यावर उपाय साधा आहे. संध्याकाळी एअर सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवायचा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची चार मापं टेपनं घ्यायची आणि सकाळी पुन्हा घ्यायची. ज्याचं माप घटलं तो कोपरा दोषी. मग त्या कोपऱ्यावर साबणाचं पाणी. बलून पूर्ण उंचीवर असताना त्याची घडी उलगडते, चिरा तिथेच दिसतात. बुडबुडे बलूनवर आले तर बलून, नळीच्या तोंडाशी आले तर बहुधा नुसती जोडणी. कुठेच आले नाहीत तर व्हॉल्व्ह ब्लॉक. ड्रायरचे दाणे झिजून झालेली पांढरी भुकटी किंवा ओलावा त्यात अडकलेला असतो. म्हणून कॉम्प्रेसर उघडला की दाणे बदलायलाच हवेत. रिले तर डोळे मिटून बदलावा. जुन्या रिलेची टोकं आतून चिकटली की नवा कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि जळतो.

स्कॅनर स्वस्त झाले आणि पिस्टन रिंगचे किट कुरिअरनं घरपोच येऊ लागले, तेव्हापासून यवतमाळ-अमरावतीच्या पट्ट्यातही ही कामं होऊ लागली. पूर्ण कॉम्प्रेसरऐवजी रिंग बदलून भागतं हे लोकांना कळलं, ही या वर्षांतली खरी कमाई. स्कॅनरनं एक आळसही आणला, तेही सांगायला हवं. पडद्यावर कोड दिसला की गाडीखाली वाकून बघायचं राहून जातं. कोड सांगतो की दाब अपेक्षेइतका वाढला नाही. का वाढला नाही, ते साबणाचं पाणी सांगतं.

याच काळात दुसरी वाट निघाली: बलून काढून कॉइल स्प्रिंग बसवा आणि मोकळे व्हा. ही वाटही जुनीच. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहममध्ये एअर सस्पेन्शन आलं, तेव्हा गळतीला कंटाळून अमेरिकेतल्या अनेक मालकांनी हेच केलं होतं. खूप जुनी, किंमत उतरलेली गाडी असेल तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण उंची कमी-जास्त करण्याची सोय जाते, स्टेअरिंग आणि वळणावरचा तोल बदलतो, संगणक तक्रार करत राहतो, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. एका बलूनच्या गळतीसाठी चारही फेकणं हा शुद्ध वैताग आहे, दुरुस्ती नव्हे.

रस्तेही बदलले. नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्याजवळून कधीच चौपदरी धावतो. नागपूर-तुळजापूर रस्ता आर्णी, महागाव, उमरखेडकडे काँक्रीटचा झाला. 28 फेब्रुवारी 2024 ला वरोरा-वणी चौपदरीचं लोकार्पण यवतमाळच्या सभेतूनच झालं. सपाट रस्त्यावर बलूनची वरखाली कमी होते, पण उन्हानं आणि वयानं होणारी रबराची झीज रस्ता थांबवू शकत नाही. शिवाय महामार्ग सोडून शेताकडे वळलं की माती तीच.

एका धोक्याची जाणीव मात्र अजून पुरेशी झालेली नाही. पंक्चरच्या दुकानात ही गाडी साध्या गाडीसारखी जॅकवर चढवतात. सस्पेन्शन जॅक मोडवर न टाकता गाडी उचलली तर संगणक उंची सुधारायला जातो आणि गाडी हलते. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, कितीही घाईत, शिरू नये. आधी घोडे लावा, मगच आत हात घाला. दुकानदाराला माहीत नसेल तर मालकानं सांगावं, त्यात कमीपणा नाही.

आणि सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी एवढंच: इंजिनाचा आवाज ऐकून सौदा करू नका. सपाट जागेवर गाडी रात्रभर उभी करायला सांगा, फ्यूज काढून ठेवा, संध्याकाळी आणि सकाळी टेप लावा. विकणारा गाडी एक रात्र उभी ठेवायला तयार नसेल, तर ती घेऊ नका.